अमृतवाहिनीच्या काठी आगगाडी

समुद्रमंथनातून निघालेल्या अमृताची वाटणी मोहिनीने नेवासे क्षेत्री केली, त्या पंक्तीत राहू नामक दैत्य देवाचा वेष घेऊन बसला, घोट घशाखाली उतरण्यापूर्वीच त्याचा शिरच्छेद झाला, आणि त्याच्याच नावावरून राहुरी हे गाव झाले, अशी प्रवराकाठच्या लोकांची जुनी समजूत आहे. नेवाशास मोहिनीराजाचे देऊळ आहे. नदीस तर अमृतवाहिनी असेच म्हणतात. ही कथा इतिहासाच्या कसोटीस उतरावी अशी कोणाचीच अपेक्षा नाही. तथापि कोणी काय प्यावे, वाटप कोणाच्या हाती असावे, आणि अधिकारावाचून पिणाऱ्यास कोणते शासन व्हावे, हे प्रश्न या खोऱ्यात अबकारी खात्याच्या पुष्कळ पूर्वीपासून चर्चिले जात आहेत, एवढे तीवरून खचित दिसते. बिनपरवाना पिणाऱ्यांचा मूळ पुरुष म्हणून राहूकडे बोट दाखविण्यास हरकत नाही.

ही कथा आम्हांस आठवली ती एका अगदी निराळ्या निमित्ताने. इंग्लंडात अलीकडे एक सहलीचा प्रकार लोकप्रिय झाला आहे. जुन्या, सरकारने टाकून दिलेल्या व हौशी लोकांनी जिवंत ठेविलेल्या आगगाडीने प्रवास करावयाचा, प्रत्येक स्टेशनावर उतरावयाचे, तेथील पानगृहात स्थानिक एल नावाच्या बीअरचा एक पेला घ्यावयाचा, आणि पुढील गाडीने पुढील स्टेशन गाठावयाचे. अशा सहलीची आखणी लोक वेळापत्रक पुढे घेऊन मोठ्या गंभीरपणे करितात. हे वाचून आमच्या मनात आले की, आपल्या देवळाली प्रवरेच्या बाजूने जाणाऱ्या दौंड-मनमाड मार्गावर अशी सहल आखावयाची झाल्यास ती कशी आखता येईल? प्रश्न विनोदाचा वाटतो. परंतु तो सोडवू लागताच आम्ही गेल्या दीडशे वर्षांच्या इतिहासात जाऊन पडलो, आणि हा लेख त्यातून निघाला.

प्रथम त्या इंग्रजी सहलीतील दोन वस्तूंचा परिचय करून देणे इष्ट आहे. पहिली वस्तू आगगाडी. वेल्समध्ये टॅलिलिन नावाची १८६५ सालची एक अरुंद रुळांची रेल्वे दगडी पाट्यांच्या खाणीसाठी बांधली होती. खाण बंद पडून रेल्वेही मोडीत निघणार, तोच काही हौशी गृहस्थांनी ती चालविण्याचे अंगावर घेतले, आणि १९५१ सालापासून ती बिनपगारी स्वयंसेवकांच्या जोरावर चालू लागली. जगातील या जातीचा तो पहिला प्रयोग होय. पुढे असे अनेक मार्ग निघाले. सेव्हर्न खोऱ्यातील सोळा मैलांच्या मार्गावर तर दोन्ही टोकांच्या स्टेशनांतच पानगृहे आहेत.

दुसरी वस्तू एल. जव भिजवून, मोड आणून, भाजून व उकळून काढलेल्या रसात किण्व घालितात व तो फसफसू देतात. खऱ्या एलीचे वैशिष्ट्य असे की, ती पिंपात भरल्यावरही तिच्यातील किण्व जिवंत असते व तळघरात ती हळूहळू परिपक्व होत राहते. तिच्यात बाहेरून वायू भरीत नाहीत. तळघराचे उष्णतामान बारा अंशांच्या आसपास राखावे लागते, आणि पिंप एकदा उघडले की ते थोड्याच दिवसांत संपवावे लागते. थोडक्यात म्हणजे ती नाशवंत वस्तू आहे. मोठ्या कारखानदारांस हे परवडेना. त्यांनी बीअर गाळून, किण्व मारून, वायू भरून धातूच्या बंद पिंपांत घातली. मग ती कोठेही पाठवावी व केव्हाही विकावी. हे मृत पेय सर्वत्र पसरत असता १९७१ साली चार इंग्रज तरुणांनी आयर्लंडात सुटीवर असताना खऱ्या एलीच्या रक्षणाकरिता एक संस्था काढली, आणि ती चळवळ फोफावली. आगगाडी वाचविणारे व एल वाचविणारे लोक पुष्कळ वेळा एकाच वृत्तीचे असल्यामुळे त्या दोहोंचा मिलाफ झाला.

यात एक ऐतिहासिक विसंगती आहे. ज्या आगगाडीच्या आश्रयास आज एल आली आहे, त्याच आगगाडीने आरंभी गावोगावच्या लहान भट्ट्यांवर संकट आणिले होते. लंडनचे सेंट पँक्रस स्टेशन १८६८ साली बांधले गेले, तेव्हा फलाटांखालचे तळघर बर्टन गावाहून येणाऱ्या बीअरच्या पिंपांसाठी योजिले होते, आणि खांबांमधील अंतर पिंपाच्या मापाने ठरविण्यात आले होते. एका गावची बीअर राजधानीत आली, म्हणजे दुसऱ्या दहा गावच्या बीअरीस गिऱ्हाईक कमी झाले. नाशवंत वस्तू घरी राहते, टिकाऊ वस्तू प्रवास करते, आणि प्रवास करणारी वस्तू घरी राहणारीस मारते, हा व्यापाराचा नियमच आहे.

आता आपल्या मार्गाकडे वळू. दौंड-मनमाड हा सुमारे २३६ किलोमीटरांचा मार्ग १८७८ साली खुला झाला. त्याच्या मागची दोन वर्षे दक्षिणेतील भयंकर दुष्काळाची होत, आणि या मार्गाच्या मातीकामावर दुष्काळी कामकरी लावले होते. अर्धपोटी माणसांनी डोक्यावर पाट्या वाहून जो भराव घातला, त्यावरून आज आपण जातो, याचे स्मरण ठेवणे बरे. ज्या प्रांतात लोकांस प्यावयास पाणी मिळत नव्हते, त्या प्रांतात ही गाडी आली.

त्याच १८७८ साली मुंबई सरकारने दुसरी एक गोष्ट केली, व तिचा उल्लेख आगगाडीबरोबर सहसा कोणी करीत नाही. त्या वर्षी मुंबईचा अबकारी कायदा झाला. तत्पूर्वी दारू गाळण्याचे मक्ते ठिकठिकाणी दिले जात, आणि गावोगाव लहान भट्ट्या चालत. चार्ल्स प्रिचर्ड या अधिकाऱ्याने नवी घडी बसविली. लहान भट्ट्या बंद करून थोड्या ठिकाणी मोठ्या भट्ट्या ठेवाव्या, दारूच्या तीव्रतेप्रमाणे कर घ्यावा, आणि ताडी-माडीच्या झाडांवर झाडागणिक पट्टी बसवावी, असे तिचे स्वरूप होते. उरणच्या भट्ट्या या व्यवस्थेत भरभराटीस आल्या. कोकणातील भंडाऱ्यांच्या पिढीजात धंद्यावर झाडपट्टीचा घाव पडला, व त्यांनी पुष्कळ गाऱ्हाणी केली. १८९२ साली तर ठाणे व कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांचाच कायदा झाला. झाडाखाली पडलेले फूल घरात किती ठेवावे, हेही सरकार ठरवू लागले.

या व्यवस्थेचे तर्कशास्त्र समजून घेण्यासारखे आहे. शिंदीची वा ताडीची ताजी नीरा सूर्योदयापूर्वी गोड असते. ऊन चढू लागले की हवेतील किण्वाने ती आपोआप फसफसते, आणि दुसऱ्या दिवशी आंबून जाते. एलीप्रमाणेच तीही जिवंत व नाशवंत. तिला साठविता येत नाही, मोजता येत नाही, दूर पाठविता येत नाही. ज्या वस्तूची मोजदाद होत नाही, तिच्यावर कर बसविणे कठीण, म्हणून कर झाडावर बसला. उलटपक्षी गाळलेली दारू बाटलीत भरता येते, तिची तीव्रता यंत्राने पाहता येते, तिला मोहोर लावता येते, आणि ती आगगाडीच्या डब्यातून कोणत्याही तालुक्यास धाडता येते. कायद्याचा हेतू व्यसन कमी करण्याचा आहे असे सांगितले गेले. परंतु सौम्य व ताजे पेय गैरसोयीचे आणि तीव्र व टिकाऊ पेय सोयीचे व्हावे, अशीच त्याची रचना होती. खजिना भरला. अबकारीचे उत्पन्न वाढत आहे म्हणजेच लोकांचे पिणे वाढत आहे, ही गोष्ट राष्ट्रीय पक्षाच्या लोकांनी ओळखली, आणि १९०८ साली पुण्यात दारूच्या दुकानांपुढे स्वयंसेवक उभे राहिले तेव्हा लोकमान्य टिळक त्यांचे पाठीराखे होते.

प्रवरेच्या खोऱ्यापुरते पाहिले तर या स्थित्यंतराचा फटका वरच्या अंगास अधिक बसला. नदीच्या उगमाकडील अकोल्याच्या डोंगरात महादेव कोळी व ठाकर यांच्या वस्त्या आहेत. मोहाचे फूल हे तेथे केवळ मद्याचे साधन नव्हे. ते वाळवून खातात, देवास वाहतात, लग्नकार्यात वापरतात. अशा लोकांस घरच्या घरी केलेल्या वस्तूबद्दल गुन्हेगार ठरविण्यात आले, आणि सरकारी दुकानातून विकत घेऊन पिणारा मात्र सभ्य ठरला. महाराष्ट्रात मोहाची फुले गोळा करणे, साठविणे व नेणे यांवरील बंधने उठली ती २०२१ साली. मध्य प्रदेशाने तर पुढील वर्षी मोहाच्या मद्यास वारसा-मद्य असे नाव देऊन परवानगी दिली. ज्या वस्तूकरिता आजोबास दंड झाला, तीच नातवास वारसा म्हणून मिळावी, हा काळाचा महिमा होय.

खालच्या अंगास निराळेच नाटक झाले. भंडारदऱ्याचे विल्सन धरण १९२६ साली पुरे झाले, कालवे वाहू लागले, आणि जेथे बाजरी होत होती तेथे ऊस डोलू लागला. हरेगावास बेलापूर कंपनीचा कारखाना निघाला. १९३३ साली महादेव डहाणूकर यांनी महाराष्ट्र शुगर मिल्स ही कंपनी काढली व टिळकनगर उभे राहिले. १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या उद्योगाने प्रवरानगरचा सहकारी कारखाना सुरू झाला. साखरेच्या पाठोपाठ मळी येते. एक टन ऊस गाळला की सुमारे चाळीस किलो मळी उरते, आणि त्या मळीतून सुमारे दहा लिटर मद्यार्क निघतो. कारखानदाराच्या दृष्टीने मळी ही अडगळ. ती नदीत सोडावी तर पाणी नासते, आणि गाळावी तर पैसा होतो. अशा रीतीने अमृतवाहिनीचे खोरे महाराष्ट्रातील मद्यार्काचे एक कोठार बनले. टिळकनगरातून आज ब्रँडी निघते. १९०८ सालचे ते स्वयंसेवक ज्यांस आठवतात, त्यांस या गावाचे नाव व तेथील माल यांची सांगड घालताना थोडे अडखळल्यासारखे होईल.

मळी वाहू लागली त्याच सुमारास दारूबंदी आली, हे या नाटकातील पुढचे वळण. खेर मंत्रिमंडळाने १९३९ च्या ऑगस्टात मुंबई शहरात तिचा आरंभ केला होता. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा कायदा होऊन १९५० च्या एप्रिलपासून सबंध मुंबई राज्य कोरडे झाले. एका हाताने सरकार मद्यार्काच्या कारखान्यांस परवाना देत होते व दुसऱ्या हाताने पिणाऱ्याचा पेला काढून घेत होते. पुढे १९६० नंतर बंदी सैल होत गेली. परंतु तो कायदा पुस्तकात कायम आहे, आणि विदेशी मद्य पिणाऱ्यास आजही परवाना लागतो. बंदीच्या काळात हातभट्टी फोफावली. तिच्यात मोहाचा सुगंध नव्हता की भंडाऱ्याची कुशलता नव्हती; काय मिसळले आहे हे विकणाऱ्यासही ठाऊक नसे. तिचा वंश अद्याप खुंटलेला नाही. २०१७ साली नगर तालुक्यात पांगरमल येथे निवडणुकीच्या धामधुमीत विषारी दारू पिऊन अनेक माणसे दगावली. ती सर्व संसारी माणसे होती. मद्याच्या इतिहासावर लिहिताना आम्ही विनोद करितो. पण या ठिकाणी लेखणी थांबते.

म्हणून येथे एक गोष्ट स्पष्ट करणे अवश्य आहे. दारूने घरे बुडतात, आणि तो बुडण्याचा भार बायकांवर पडतो. याच नगर जिल्ह्यात राळेगणसिद्धीने दारूच्या भट्ट्या मोडून गाव सावरले. महाराष्ट्रात गावोगावच्या स्त्रियांनी मतदानात आडव्या बाटलीवर शिक्के मारून दुकाने बंद पाडली. त्यांचा कौल आम्हांस शिरसावंद्य वाटतो. त्यांच्यापुढे उभे राहून इंग्लंडातील एलीचे गोडवे गाण्याची आमची छाती नाही. परंतु त्यांनी जी बाटली आडवी केली ती कोणती? ती दूरच्या कारखान्यातून आलेली, मळीपासून गाळलेली, तीव्र व स्वस्त बाटली होय. १८७८ च्या घडीनेच तिला घरोघर पोचविले. पिणारा करणाऱ्यास ओळखीत नाही आणि करणारा पिणाऱ्यास ओळखीत नाही, अशी स्थिती झाली की पेयाची चवही जाते व लाजही जाते. इंग्रजी पानगृहाची जी थोडीशी प्रतिष्ठा आहे ती एवढ्यातच, की तेथे पिंपाची काळजी घेणारा मनुष्य समोर उभा असतो.

भारतात त्या इंग्रजी सहलीचे खरे स्थान एकच आम्हांस आढळते, व ते दूर हिमाचलात आहे. कालका-शिमला हा १९०३ सालचा मार्ग आता जागतिक वारशात गणला जातो, आणि त्यावर सोलनच्या जुन्या भट्टीचे म्हणून स्वतंत्र स्टेशनच आहे. आपल्या राज्यात नेरळ-माथेरानची १९०७ सालची गाडी आहे, पण तिच्या वाटेवर भट्टी नाही. तथापि योगायोग पाहा. नाशिकजवळच्या दुसऱ्या देवळालीत गोऱ्या सैनिकांची छावणी होती. विलायतेस नेणाऱ्या जहाजाची वाट पाहता पाहता त्यांची डोकी फिरत, म्हणून वेडगळास इंग्रजीत डूलाली म्हणू लागले; आणि २००९ साली पुण्यात जेथल्या तेथे ताजी बीअर करणारी जी भट्टी निघाली, तिने हेच नाव धारण केले. देवळालीचे नाव एका जिवंत बीअरीस मिळाले आहे, फक्त ती देवळाली आमची नव्हे. नावाचा घोटाळा टाळण्यासाठी आमच्या देवळालीने प्रवरेस सोबत घेतले, हे एकंदरीत बरेच झाले.

आता आमची आखणी सांगतो. ऋतू माघाचा घ्यावा. हवा थंड, गाळप ऐन भरात. सकाळी दौंडास गाडी धरावी व तेथे फलाटावरील चहा घ्यावा. तोही इतिहासच आहे; चहाच्या व्यापाऱ्यांच्या मंडळाने १९३० च्या सुमारास स्टेशनांवर देशी भाषांतून पाट्या लावून चहा कसा करावा हे लोकांस शिकविले, आणि मुकाट्याने सर्व पेयांवर मात केली. काष्टी जनावरांच्या बाजाराबद्दल प्रसिद्ध. तेथे ताक मागावे. नगरास उतरून रसवंतीच्या घुंगरांचा नाद ऐकत एक पेला घ्यावा, व ज्या किल्ल्यात १९४२ नंतर राष्ट्राचे पुढारी अटकेत होते तो पाहून यावा. राहुरीस राहूचे स्मरण करून काहीच पिऊ नये. तेथून मोटारीने देवळाली प्रवरेस जावे. त्या गावाचे स्वतःचे स्टेशन नाही. मग बेलापूर, हे स्टेशन श्रीरामपुरात आहे आणि ज्या गावाचे नाव त्यास दिले ते गाव काही मैल दूर नदीकाठी आहे. हरेगावचा कारखाना आता चालत नाही. तेथे पिण्यासारखे काही उरलेले नाही, पाहण्यासारखे मात्र आहे. पुणतांब्यास चांगदेवांच्या समाधीचे दर्शन घेऊन गोदावरीचे पाणी ओंजळीत घ्यावे. पुढे साकरवाडीस मद्यार्कापासून रसायने करितात. कोपरगाव, येवले मागे टाकीत संध्याकाळी मनमाड गाठावे. वाटेत मोटारींची रांग दिसली तर लक्षात ठेवावे की या खोऱ्यातील मद्यार्काचा मोठा हिस्सा आता त्याच पितात. २०२५ साली पेट्रोलात त्याचे प्रमाण शेकडा वीस झाले.

या आखणीचे मध्यबिंदू देवळाली प्रवरा. कालव्याकाठच्या मळ्यात जेथे गुऱ्हाळ लागले असेल तेथे जावे. चरकातून निघालेला ताजा रस हा देखील जिवंत व नाशवंत आहे. दोन तासांत त्याची चव बदलते, दुपारपर्यंत तो फसफसू लागतो. त्यास बाटलीत कोंडता येत नाही, व आगगाडीने पाठविता येत नाही. तो प्यावयाचा तर मनुष्यानेच तेथवर गेले पाहिजे. रस देणारा समोर उभा असतो, त्याच्या शेताची माती कोणती व पाटाचे पाणी कोणत्या चारीचे, हे तो सांगतो. खऱ्या एलीसाठी इंग्रज लोक जे शोधीत गाडीने हिंडतात, ते नशेवाचून येथे मिळते.

आपली एक इच्छा मात्र आम्ही येथे नमूद करून ठेवितो. इंग्रजांनी एक टाकून दिलेली रेल्वे वाचविली, कारण काही सामान्य लोकांनी ती आपली मानली. दौंड-मनमाड मार्ग टाकून दिलेला नाही. तो वाढत आहे, आणि वाढो. परंतु त्याच्या एखाद्या स्टेशनावर, बेलापुरास का होईना, दुष्काळात ज्यांनी भराव घातला त्यांची, भट्टी मोडल्यामुळे ज्यांचा धंदा गेला त्यांची, आणि आडव्या बाटलीस मत देणाऱ्या बायकांची, अशी तिघांची हकीकत सांगणारी एक पाटी लागावी. चहा पिता पिता ती वाचता येईल. गाडी सुटण्यास तेवढा वेळ असतोच.